पार्श्वभूमी : कोळशी, खडशी आणि बंधाऱ्याचे बरगे

नदीचं पाणी अडवायला बंधाऱ्यात घालतात त्या फळ्या म्हणजे बरगे. जूनमध्ये ते काढायला उशीर झाला की बंधाऱ्याखाली माणसं जाळी घेऊन जमतात. नव्या पाण्याला चढणीला लागलेला मासा तिथं अडतो. घरी आणून चिरला की पोटात गच्च गाभोळी, म्हणजे अंडी. पुढच्या साली नदीत जे वाढायचं, ते असं कालवणात येतं. कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या माशांची गोष्ट या अडलेल्या माशाशिवाय कळत नाही.

इथले मासे शास्त्रात गेले तेही मराठी नावं घेऊन. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी बोलीतली नावंच शास्त्रीय नावांत घातली : खुद्री, कोलुस, मसुल्ला. आपली खडशी ती खुद्री आणि कोळशी ती कोलुस. पुढं १९५६ मध्ये कलावार आणि केळकर यांनी खास कोल्हापूरच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात दिली. ही यादी फार मोलाची, कारण त्यानंतर नदी झपाट्यानं बदलली.

शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरी धरण त्याच दशकात पुरं होत आलं. मग तुळशी, काळम्मावाडी ही धरणं आणि गावोगावचे बंधारे झाले. या पाण्यावर जिल्हा उभा राहिला, हे मान्यच आहे. पण खळाळत्या पाण्यातल्या खडशीला आठ महिने तुंबलेली नदी मानवत नाही.

१९५७ मध्ये हीरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली. त्यातून गंगेकडच्या कटला, रोहू, मृगलचं बीज देशभरच्या तलावांना मिळू लागलं. मच्छीमार संस्थांना त्यानं हक्काचं उत्पन्न दिलं. मात्र हिशेब राहिला तो बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) किती सोडली आणि टनेज किती निघालं याचाच. कोळशी किती उरली, हे त्या वहीत कुठंच येत नाही. १९५२ मध्ये देशात आणलेला चिलापी (तिलापिया) तर न सोडताही पसरतो.

सगळ्यात मोठा घाव पाण्यावरच बसला. प्रयाग चिखलीच्या संगमाखाली शहराचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, इचलकरंजीकडचं रंगाचं पाणी नदीत येतं. बरगे घातलेले असताना ते बंधाऱ्यामागे साचतं. पाण्यातला प्राणवायू संपला की मासे तोंड वर काढून तडफडतात, आणि तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच दिसतो. त्यात तळाशी राहणारी वामही असते.

१८९७ च्या कायद्यानं सुरुंग लावून, विष घालून मासे मारायला बंदी आहे. समुद्रात जून-जुलैत मासेमारी थांबते. नदीतल्या माशांची वीण याच दिवसांतली. तिला तेवढीच सवलत हवी. बरगे काढायची तारीख शेतीचं पाणी बघून ठरते. ती ठरवताना मच्छीमार संस्थेचा एक माणूस बैठकीला बसवावा, आणि पहिल्या पुरापर्यंत बंधाऱ्याखाली जाळं टाकू देऊ नये. यासाठी धरण पाडावं लागत नाही, की निधीची वाट बघावी लागत नाही.