रुमाल नाकाला, औषध हाताला

पावसाळा ओसरला की आमच्या सोसायटीतल्या जास्वंदींवर पिठ्या ढेकूण दिसू लागतो आणि घरोघरी औषधाच्या बाटल्या बाहेर निघतात. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंना मी फवारणीची तयारी करताना पाहिले. नाकातोंडावर ओढणीचे दोन वेढे होते, हात मात्र कोपरापर्यंत उघडे होते. बाटलीचे टोपण हेच माप धरून त्यांनी मॅलॅथिऑन हे कीटकनाशक स्प्रेच्या बाटलीत ओतले, टोपणाच्या कडेवरून ओघळलेला थेंब अंगठ्याने पुसला आणि टोपण पुन्हा घट्ट लावले. मी काळजीने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, वास नाकात जाऊ दिला नाही की झालं."

हा समज एकट्या काकूंचा नाही. वास येतो म्हणजे विष हवेत आहे आणि ते श्वासातूनच शरीरात जाते, असे आपण गृहीत धरतो. शास्त्रज्ञांनी मात्र हे गृहीतक फार पूर्वीच तपासले आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात फळबागांमध्ये फवारणी करणाऱ्या मजुरांच्या अंगावर आणि कपड्यांवर शोषक कापडाचे चौकोनी तुकडे लावून, फवारणीनंतर त्या तुकड्यांवर किती कीटकनाशक जमले याचे मोजमाप विल्यम डरहॅम आणि होमर वुल्फ यांनी केले आणि १९६२मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. श्वासातून जाणाऱ्या मात्रेपेक्षा त्वचेवर पडणारी मात्रा कितीतरी पटींनी जास्त असते, हे अशा मोजमापांतून स्पष्ट झाले. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. हाताने दाबायच्या स्प्रे बाटलीतून निघणारे बहुतेक थेंब इतके मोठे असतात की ते फुप्फुसात खोलवर पोहोचू शकत नाहीत. ते पानांवर, जमिनीवर आणि फवारणाऱ्याच्या हातांवर पडतात.

म्हणजे घरगुती बागकाम करणाऱ्याचा कीटकनाशकाशी किती संपर्क येतो हे ठरवायचे असेल, तर आधी त्वचेकडे पाहिले पाहिजे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत थर बहुतेक ठिकाणी केवळ १० ते २० मायक्रॉन, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. केराटिनने भरलेल्या चपट्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा चुना. पाण्याला ही भिंत चांगली अडवते. परंतु बहुतेक कीटकनाशके पाण्यापेक्षा तेलात अधिक सहज विरघळतात आणि त्यामुळे चुन्याच्या या वाटेने ती आत झिरपू शकतात. बाटलीवर 'ईसी' ही अक्षरे असतील, तर मूळ कीटकनाशक सेंद्रिय द्रावकात विरघळवलेले असते आणि पाण्यात मिसळावे म्हणून त्यात साबणासारखा पदार्थही घातलेला असतो. द्रावक आणि हा साबणासारखा पदार्थ, दोघेही त्या चुन्याला सैल करतात. शिवाय झिरपलेले रसायन लगेच रक्तात जातेच असे नाही. काही भाग मृत थरातच साठून राहतो आणि पुढचे काही तास सावकाश आत उतरत राहतो. हात उशिरा धुण्याचा उपयोग कमी होतो, तो यामुळे.

ही भिंत सगळीकडे सारखी नसते, आणि मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. हॉवर्ड मायबाख आणि रॉबर्ट फेल्डमन यांनी सहकाऱ्यांसह १९७१मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले मॅलॅथिऑन स्वयंसेवकांच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावले आणि पुढचे काही दिवस लघवीतून ती खूण किती बाहेर पडते ते मोजले. मनगट ते कोपर या भागातून सुमारे ७ टक्के मॅलॅथिऑन आत गेले, तळहातातून सुमारे ६ टक्के, हाताच्या पाठीमागच्या बाजूने सुमारे १२ टक्के, कपाळातून सुमारे २३ टक्के आणि काखेतून जवळजवळ २९ टक्के. औषधाच्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला, की तळहातावर असताना सहा टक्क्यांनी शिरणारे रसायन आपण स्वतः चौपट वाट मिळेल अशा जागी नेऊन ठेवतो.

आता काकूंच्या अंगठ्यावरच्या त्या थेंबाचा हिशेब मांडू. मॅलॅथिऑन ५० ईसीच्या एका मिलिलीटरमध्ये साधारण ५०० मिलिग्रॅम मॅलॅथिऑन असते आणि एका थेंबाचे आकारमान ०.०५ मिलिलीटर धरले, तर त्या थेंबात २५ मिलिग्रॅम भरते. एक लीटर पाण्यात २ मिलिलीटर औषध मिसळले, तर तयार फवाऱ्याच्या एका मिलिलीटरमध्ये केवळ एक मिलिग्रॅम मॅलॅथिऑन उरते. म्हणजे मूळ औषधाचा एक थेंब अंगावर सांडणे आणि तयार फवाऱ्याचे २५ मिलिलीटर, जवळजवळ पाच चहाचे चमचे, अंगावर ओतून घेणे यांत मात्रेच्या दृष्टीने फरक नाही. फवारताना नाक झाकणाऱ्या काकूंचा सर्वांत मोठा संपर्क फवारणी सुरू होण्यापूर्वीच, टोपणाने माप घेताना घडून गेला होता.

त्यातले शरीरात किती गेले असेल? तो थेंब हाताच्या पाठीमागच्या बाजूला लागला असे धरून १२ टक्क्यांचा आकडा लावला, तर सुमारे ३ मिलिग्रॅम. हे ढोबळ गणित आहे, कारण प्रयोगात रसायनाचा पातळ थर २४ तास न धुता ठेवला होता आणि एकाच जागी जास्त रसायन साचले की आत जाणारी टक्केवारी सहसा घटते. तुलनेसाठी जागतिक पातळीवरची तज्ज्ञसमिती अन्नातून आयुष्यभर दररोज चालेल अशी मॅलॅथिऑनची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.३ मिलिग्रॅम मानते. ६० किलोच्या व्यक्तीसाठी ती १८ मिलिग्रॅम होते. तेव्हा एका थेंबाने काकूंना विषबाधा होईल, असे सांगणे हा निव्वळ बागुलबुवा ठरेल. पण तेच ३ मिलिग्रॅम १० किलोच्या नातवंडासाठी पूर्ण दिवसाची मर्यादा आहे आणि आजीचा हात न धुता बाळाला लागतो, हेही तितकेच खरे आहे.

शेतीसाठी केलेले संपर्काचे अंदाज इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शेतात औषध लिटरमध्ये लागते, कुंड्यांना मिलिलीटरमध्ये. पण शेतीच्या अंदाजात हातमोजे, अंगभर कपडे आणि फवारलेल्या पिकात पुन्हा शिरण्यापूर्वी थांबायचा काळ हे सगळे मोजलेले असते. बाल्कनीत यांतले काहीच नसते. सकाळी फवारलेल्या जास्वंदीची फुले संध्याकाळी देवाला तोडली जातात. अशा पुढच्या संपर्कासाठी एक साधा गुणाकार वापरतात: पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवरून निघू शकणारे अवशेष, गुणिले तासाभरात त्वचा किती पानाशी घासली जाते तो सहगुणक, गुणिले तास. लघवीची तपासणी हा दुसरा मार्ग, पण मॅलॅथिऑन ज्या गटात मोडते त्या ऑर्गनोफॉस्फेट गटाची जी विघटनद्रव्ये तिच्यात सापडतात, तीच बाजारातल्या भाजीवरील अवशेषांमधूनही येतात. त्यामुळे एकट्या तपासणीवरून बाग दोषी की मंडई, हे ठरवता येत नाही.

जुन्या बाटलीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९७६मध्ये पाकिस्तानात मलेरियाविरोधी फवारणी करणाऱ्या सुमारे २,८०० कामगारांना विषबाधा झाली आणि किमान पाच जण दगावले. तिथल्या मॅलॅथिऑनच्या भुकटीत आयसोमॅलॅथिऑन तयार झाले होते. आपले शरीर मॅलॅथिऑनचे विघटन ज्या विकराने (एन्झाइमने) करते, त्या विकरालाच आयसोमॅलॅथिऑन निकामी करते. उष्णतेत साठवण केली की ही घडामोड वाढते, म्हणून चार उन्हाळे गच्चीवर तापलेली बाटली नव्या बाटलीइतकी निर्धोक मानू नये.

'नैसर्गिक' हा शब्दही संपर्क कमी करत नाही. तंबाखू रात्रभर भिजवून केलेला अर्क अनेकजण उघड्या हाताने पिळतात, आणि निकोटिन त्वचेतून सहज आत जाते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर आणि उलट्यांचा त्रास होतो, तो याच मार्गाने. फवारणीनंतर पेलाभर दूध प्यायले की विष उतरते, या समजुतीलाही कसला आधार नाही, कारण त्वचेतून रक्तात गेलेल्या रसायनापर्यंत पोटातले दूध पोहोचणार तरी कसे?

डोळ्यांना न दिसणारा हा संपर्क दाखवण्याची एक सुंदर पद्धत रिचर्ड फेन्स्के यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. फवाऱ्यात चमकणारे द्रव्य मिसळायचे आणि नंतर अतिनील प्रकाशात कामगाराच्या त्वचेचे चित्रण करायचे. तसली चमकद्रव्ये कपडे धुण्याच्या अनेक पावडरींमध्ये असतात. गेल्या रविवारी मी स्प्रेच्या स्वच्छ, नव्या बाटलीत नुसते पाणी आणि चमचाभर पावडर घालून काकूंना नेहमीसारखी फवारणी करायला सांगितले आणि अंधार पडल्यावर अतिनील टॉर्च लावला. धुतलेले कपडे मुळातच चमकतात, म्हणून फक्त त्वचा आणि वस्तू पाहिल्या. चेहऱ्यावर ओढणीखाली काहीच नव्हते. उजव्या अंगठ्याचा पेर, मनगटाची आतली बाजू आणि बांगड्यांखालचे कडे निळसर उजळले होते, कपाळावर बोटाची एक तिरपी रेघ होती, आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीवर अंगठ्याचा अख्खा ठसा होता.