बादलीच्या तळाची जाळी

गाडीची चकाकी उन्हाने जाते, असं सगळे सांगतात. ऊन दोषी आहेच. पण काळ्या गाडीवर पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बारीक ओरखड्यांचं जे गोल गोल कोळिष्टक दिसतं, ते उन्हाने पडत नाही. रोज सकाळी फिरणाऱ्या मळक्या फडक्याने पडतं. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. फडक्यात क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, एखादा कण अडकला (खनिजांच्या 1 ते 10 च्या मोह्स मापावर कठीणता 7, काचेलाही चरे पाडणारा) की ओरखडा आलाच. दख्खनच्या बेसॉल्टची धूळही फार मऊ नाही, त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची कठीणता 6 आहे. इथे नजरेचा काही संबंध नाही. उलट बंपरला बांधलेली लिंबू-मिरची धूळ धरून रंगावर घासत राहते. ती काढून टाकावी.

फडक्यातली वाळू पाण्यात सोडायची आणि परत वर येऊ द्यायची नाही, एवढंच साधायचं आहे. त्यासाठी विकतची ग्रिट गार्ड, म्हणजे बादलीच्या तळाशी ठेवायची जाळी, लागत नाही. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या. आतला सुकलेला रंग भिजवून पूर्ण सोला, नाहीतर त्याच्याच खपल्या फडक्याला लागतील. भाजीच्या फुटक्या क्रेटची जाळी बादलीच्या तळापेक्षा किंचित लहान गोल कापा आणि कडा पॉलिश पेपरने घासा. भोकं 8-10 मिलिमीटरची हवीत. डासांची जाळी चिखलाने बुजते. क्रेटचं प्लॅस्टिक पाण्यावर तरंगतं, म्हणून पाय पीव्हीसीचे करा, ते बुडतं. एक इंची पाइपचे 8 सेंटिमीटरचे चार तुकडे केबल टायने आवळा. जाळीखाली तेलाच्या जुन्या कॅनच्या दोन उभ्या पट्ट्या फुलीच्या आकारात बसवा.

या पट्ट्या कशाला, ते जॉर्ज स्टोक्सच्या 1851 च्या सूत्रातून कळतं. स्थिर पाण्यात बारीक कण ज्या वेगाने बुडतो तो वेग म्हणजे कण आणि पाणी यांच्या घनतांतला फरक, गुरुत्वत्वरण आणि व्यासाचा वर्ग यांचा गुणाकार, भागिले पाण्याच्या श्यानतेची (दाटपणाची) 18 पट. क्वार्ट्झचा 50 मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे 2.2 मिलिमीटर उतरतो, म्हणजे 20 सेंटिमीटर खाली जायला दीड मिनिट. व्यास पाचपट कमी झाला की वेग पंचवीसपट घटतो. 10 मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. हे सगळं पाणी स्थिर असेल तरच. हात बुडवून पाणी घुसळलं की सेकंदाला कित्येक सेंटिमीटरचे प्रवाह उठतात आणि बसलेली वाळू क्षणात वर येते. जाळी हाताला तळापासून लांब ठेवते, फुली खालच्या पाण्याला गरगर फिरू देत नाही.

दोन बादल्या ठेवा: एकीत शाम्पूचं पाणी, जाळीच्या बादलीत साधं. फडकं जुन्या टर्किश टॉवेलचं, जाड शिवणीची किनार कापलेलं. त्याच्या फासांत कण आत शिरतात. टी-शर्टच्या सपाट कापडात ते पृष्ठभागावरच राहून रंगावर रगडले जातात. आधी गाडीवर भरपूर पाणी ओता. मग टपापासून खाली या. प्रत्येक पत्र्यानंतर फडकं साध्या पाण्यात जाळीवर घासा, पिळा, मगच शाम्पूत बुडवा. चाकांचं फडकं वेगळं. बारीक कण धुण्याच्या वेळात खाली बसत नाहीत, तेव्हा पाणी गढूळ होऊन जाळी दिसेनाशी झाली की बदला.