कोविड-१९ : पचनसंस्थेची लक्षणे व मलपरीक्षा

सार्स-कोव्ह-२ विषाणूच्या श्वसनसंसर्गात काही रुग्णांना होणारे पचनाचे त्रास, आणि मलात विषाणूचा शोध घेणारी तपासणी. भूक मंदावणे, मळमळ, उलट्या, जुलाब व पोटदुखी ही नेहमीची लक्षणे. कधीकधी ती खोकल्याच्या आधीच दिसतात. चीनमधील १,०९९ रुग्णांच्या २०२० मधील पाहणीत जुलाबाचे प्रमाण ३.८ टक्के होते. नंतरच्या बऱ्याच अहवालांत ते याहून जास्त आहे. औषधांनी होणारे जुलाबही त्यांत मोजले गेले असावेत.

विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या एसीई-२ ग्राहीला (विषाणू जिथे जोडला जातो त्या प्रथिनाला) चिकटून पेशीत शिरतो, तो लहान आतड्याच्या अस्तरावर विपुल असतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या ऊतींना संसर्ग होतो, हे २०२० मध्येच दाखवले गेले. त्यामुळे मलातील विषाणू निव्वळ गिळलेल्या कफातून येतो, हे मत आता पुरेसे वाटत नाही.

तपासणीत मलाचा अल्पसा नमुना द्रावणात घोळवून, गाळ खाली बसवून, वरच्या द्रवातून आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) वेगळा काढतात व त्याच्या प्रती वाढवून तो ओळखणारी आरटी-पीसीआर चाचणी करतात. मलातील पित्तक्षार आणि जटिल शर्करा ही अभिक्रिया अडवतात. म्हणून नमुन्यासोबत नियंत्रक, म्हणजे चाचणी नीट चालली की नाही हे दाखवणारा ज्ञात आरएनए, घालावा लागतो. तोच उमटला नाही, तर ‘निगेटिव्ह’ निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. रुग्णालयात दाखल ७३ जणांच्या एका अभ्यासात ३९ जणांच्या मलात आरएनए सापडला, आणि १७ जणांत तो श्वसनमार्गाचे नमुने निगेटिव्ह आल्यावरही टिकून होता.

हा आरएनए संसर्गक्षम असतो का, हा खरा वादाचा मुद्दा. म्युनिकमधील ९ रुग्णांच्या अभ्यासात मलात आरएनए भरपूर असूनही जिवंत विषाणू पेशीसंवर्धनात वाढला नाही. काही चिनी प्रयोगशाळांनी मोजक्या नमुन्यांतून तो मिळवल्याचे नोंदवले आहे. मात्र मोठ्या आतड्यातील द्रवासारख्या कृत्रिम द्रवात विषाणू लवकर निष्क्रिय होतो, असे प्रयोगांत आढळले. मलावाटे प्रसार होतो असे मानणारे प्रतिपक्षी २००३ मधील हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीचा दाखला देतात. तेथे सार्स या आधीच्या कोरोनाविषाणूच्या आजाराची ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली, आणि न्हाणीघराच्या जमिनीवरील मोरीच्या, पाणी आटून कोरड्या पडलेल्या वळणदार (यू-आकाराच्या) नळीतून दूषित तुषार घरांत आले असावेत, असे तपासात मानले गेले. परंतु तो विषाणू वेगळा, आणि ते तुषार बहुधा श्वासावाटे गेले. त्यामुळे कोविडचा मल-मुख प्रसार शक्य असला, तरी सिद्ध मानता येत नाही.

निदानासाठी नाकाघशाचा स्वॅबच प्रमाण मानतात. मलातील आरएनएचा मोठा उपयोग सांडपाण्याच्या पाहणीत झाला. मलावाटे विषाणू बाहेर पडण्याचे प्रमाण व्यक्तीगणिक फार बदलत असल्याने त्यावरून रुग्णसंख्या काढण्यापेक्षा लाटेचा चढउतार पाहणे अधिक भरवशाचे ठरते.