फोटो हललाय की फोकस चुकलाय?

हललेला फोटो आणि फोकस चुकलेला फोटो, दोन्ही कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ठीकच दिसतात, घरी कॉम्प्युटरवर उघडले की पुसट निघतात. मग ‘ब्लर आला’ म्हणून सरसकट आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवला जातो, नाहीतर महागड्या लेन्सची चौकशी सुरू होते. दोन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे आधी निदान करायला हवं.

फोटो १०० टक्के मोठा करा आणि दिवे शोधा. पुण्यातल्या लकडी पुलावरून संध्याकाळी काढलेल्या फोटोत लांबच्या दिव्यांच्या गोल चकत्या झाल्या असतील, तर फोकस चुकलाय. दिव्यांच्या बारीक रेघा झाल्या असतील आणि सगळ्या एकाच दिशेला असतील, तर कॅमेरा हललाय. शटर दाबताना बोटाचा झटका बसला की हे हमखास होतं.

दिवे नसतील तर फोटोत कुठेतरी काहीतरी स्पष्ट आहे का ते बघा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर मित्र उभा आहे, चेहरा पुसट आलाय, पण मागच्या दारावरचे खिळे अगदी स्पष्ट दिसतायत: फोकस मागे गेलाय. चेहरा आणि खिळे दोन्हींच्या कडा दुहेरी दिसत असतील, तर फोटो हललाय. विसर्जन मिरवणुकीत मागची गर्दी स्पष्ट आणि फक्त ढोलवादकाचे हात पुसट, ही तिसरीच गोष्ट. तिथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) काही कामाचं नाही; शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतो. (थोडे पुसट हात मात्र बरेचदा छानच दिसतात.)

फोटो हलू नये म्हणून शटर किती ठेवायचा, याचा हिशोब सोपा आहे: लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) जितकी, सेकंदाचा तितकावा भाग. एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) तिला दीडने गुणा, म्हणजे ५० मिमी लेन्सला किमान १/८० सेकंद. स्टॅबिलायझेशन तीन स्टॉपचं असेल (एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट) तर स्थिर वस्तूसाठी १/१० पर्यंत हातात निभावतं. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा. पुलावर ट्रायपॉड असेल तर जड वाहन पुढे जाईपर्यंत थांबा, कारण पूलच थरथरतो.

फोकसचं दुखणं बहुतेक वेळा कॅमेऱ्याला मोकळं सोडल्यामुळे होतं. तो बरेचदा सगळ्यात जवळची किंवा ठळक वस्तू पकडतो. एकच फोकस पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा. चालत्या माणसासाठी कंटिन्युअस मोड (फोकस सतत जुळवत राहणारा) वापरा. एपीएस-सीवर ५० मिमी लेन्स, एफ/१.८ ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि दोन मीटर अंतर असताना स्पष्ट पट्टा जेमतेम ११-१२ सेंटीमीटरचा असतो. फोकस लॉक करून तुम्ही किंचित पुढे झुकलात तरी डोळे त्यातून निसटतात.

एफ/४ केलं तर पट्टा साधारण २५ सेंटीमीटरचा होतो. पण खरी गोची इथेच आहे. प्रकाश पाचव्या हिश्श्यावर येतो आणि ॲपर्चर प्रायॉरिटी मोडमध्ये (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) कॅमेरा १/२०० चा शटर गुपचूप १/४० वर आणतो. फोकस सुधारतो, फोटो हलतो, आणि बघणाऱ्याला वाटतं जुनंच दुखणं कायम आहे. म्हणून ॲपर्चर बदललं की शटरचा आकडा बघायचाच. १/२०० टिकवायचा असेल तर आयएसओ ४०० वरून २००० वर न्यावा लागेल. थोडा नॉइज (फोटोतले दाणे) परवडला, तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी करता येतो.