धूळ, चिखल आणि रायफल: चाचण्यांमागचा इतिहास

इंदूरजवळ महूला लष्कराचे इन्फन्ट्री स्कूल आहे आणि खुद्द शहरात सीमा सुरक्षा दलाची शस्त्रप्रशिक्षण शाळा आहे, त्यामुळे एखाद्या रायफलीच्या धूळ-चिखलातील चाचणीची बातमी आली की आपल्याकडे तिची चर्चा होतेच. ती बहुधा ‘कोणती रायफल अडकत नाही?’ या एकाच प्रश्नाशी थांबते. इतिहास मात्र असे दाखवतो की अडकण्याला एकटी रायफल क्वचितच कारणीभूत असते. काडतूस, मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी), तेल आणि साफसफाई यांचाही त्यात वाटा असतो, आणि हा वाटा अनेकदा रणांगणावर सैनिकांचे जीव गेल्यावरच ध्यानात आला आहे.

1885 च्या सुदान मोहिमेत ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफली ऐन लढाईत अडकल्या. त्यांची काडतुसे पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असत. तापलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसण्याच्या पोकळीत, ती वाळूसह चिकटून बसत आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) केवळ त्यांचे बूड ओरबाडून काढी. पुढे अखंड पितळेची काडतुसे रूढ झाली. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्रच्या चिखलात कॅनडाच्या रॉस रायफलीचे असेच हाल झाले. नेमबाजीच्या मैदानावर ती अचूक होती, पण खंदकात तिचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बुटाच्या टाचेने लाथाडून उघडावा लागे. सैनिक ती टाकून मिळेल तेथून ब्रिटिश ली-एनफील्ड रायफली उचलू लागले. वाळवंटासाठी ब्रिटिश एसएलआर या स्वयंभरण रायफलीच्या बोल्ट कॅरियरवर (बोल्ट वाहून नेणाऱ्या भागावर) पुढे वाळू सामावून घेणाऱ्या खाचा पाडण्यात आल्या.

सर्वांत वेदनादायक प्रकरण व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी एम-16 रायफलीचे. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही या समजुतीने सफाईचे साहित्यही पुरेसे दिले गेले नाही. दमट हवेत चेंबर गंजे, रिकामे काडतूस आत अडके आणि सैनिकाला नळीत गज घालून ते बाहेर ढकलावे लागे, तेही समोरून गोळीबार चालू असताना. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या कारभारावर कडक ठपका ठेवला. रायफलीचा आराखडा मुळात टाकाऊ नव्हता. क्रोमचा मुलामा, सुधारित बफर (मागे येणाऱ्या बोल्टचा धक्का झेलणारा भाग) आणि सफाईचे साहित्य मिळाल्यावर तीच पुढे दशकानुदशके वापरात राहिली.

आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीची रचना पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेची. 1999 च्या कारगिल युद्धात तिच्याविषयी ज्या तक्रारी आल्या, त्यांत कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जाण्याची तक्रार ठळक होती.

2007 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅबर्डीन येथे चार प्रकारच्या रायफलींची धुळीतील चाचणी झाली. प्रत्येक प्रकारच्या 10 रायफलींतून एकूण 60,000 गोळ्या झाडल्या. दर 120 गोळ्यांनंतर रायफली पुन्हा धुळीच्या कक्षात ठेवल्या जात. एम-4 (एम-16 ची आखूड आवृत्ती) ही 882 वेळा अडकली, एचके-416 ही 233 वेळा, स्कार ही 226 वेळा आणि एक्सएम-8 ही 127 वेळा. हे आकडे आजही वादात फेकले जातात. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात झालेल्या तशाच चाचणीत एम-4 ही 307 वेळाच अडकली होती, हे त्यांच्या जोडीला क्वचितच सांगितले जाते. एकाच रायफलीच्या दोन निकालांत जवळपास तिपटीचा फरक पडत असेल, तर कोणत्या तुकडीच्या रायफली होत्या, मॅगझिन कोणते होते आणि तेल किती व केव्हा दिले, हे कळल्याखेरीज त्या 882 वरून एम-4 वर शिक्का मारणे मला मान्य होत नाही.