कीबोर्डवरील स्वयंचलित साथ

डाव्या हाताने दाबलेल्या स्वरांवरून कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा समूह) ओळखून, ताल, बास व पूरक वाद्ये यांचे आधी बसवून ठेवलेले आकृतिबंध त्या कॉर्डनुसार तत्क्षणी वाजविण्याची सोय. ती इलेक्ट्रॉनिक कीबोर्डांत आणि काही डिजिटल पियानोंत असते. कॉर्डला ‘स्वरसंघात’ हा पर्याय ग्रंथांतून आढळतो. वादक मात्र कॉर्डच म्हणतात. साथीच्या आकृतिबंधाला यामाहाच्या वाद्यांवर ‘स्टाइल’ आणि कॅसिओच्या वाद्यांवर ‘रिदम’ असे नाव आहे. प्रत्येक डिजिटल पियानोत ही सोय असतेच असे नाही. यामाहाच्या क्लाव्हिनोव्हा वाद्यांपैकी सीव्हीपी मालिका साथीसाठी, तर सीएलपी मालिका प्रामुख्याने निव्वळ पियानोवादनासाठी ओळखली जाते.

उगम : या सोयीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार तो ॲकॉर्डियनच्या डाव्या फलकाशी जातो. इटलीतील स्ट्राडेला गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत एका बटणातून मेजर, मायनर, सेव्हन्थ किंवा डिमिनिश्ड यांपैकी एका प्रकारची पूर्ण कॉर्ड निघते. हीच कल्पना हॅमंड कंपनीने १९५० च्या कॉर्ड ऑर्गनमध्ये विजेवर आणली. त्यात डाव्या हातासाठी ९६ कॉर्ड-बटणे होती. दुसरे मत तालयंत्रांना अग्रमान देते. हॅरी चेंबरलिन यांचे ध्वनिफितींच्या वेटोळ्यांवर चालणारे ‘रिदमेट’ काही जण १९४० च्या दशकाच्या अखेरीस, तर काही १९५७ च्या आसपास ठेवतात. वुर्लिट्झरच्या ‘साइडमॅन’चे १९५९ हे वर्ष त्या मानाने निर्विवाद आहे. त्यात मोटरवर फिरणारी संपर्क-चकती ताल मोजी आणि निर्वात नलिका आघातांचे ध्वनी निर्माण करीत. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीने १९६७ मध्ये ‘रिदम एस’ हे ट्रान्झिस्टरवरील तालयंत्र आणले आणि पुढे अशी यंत्रे घरगुती ऑर्गनच्या पेटीतच बसविली जाऊ लागली.

दोन्ही मतांत अडचण आहे. कॉर्ड ऑर्गनमध्ये कॉर्ड होती, पण तिच्यावर आपोआप चालणारा आकृतिबंध नव्हता; साइडमॅनमध्ये आकृतिबंध होता, पण त्याला कॉर्डचा पत्ता नव्हता. ‘कॉर्ड बदलताच चालू आकृतिबंध बदलला पाहिजे’ ही अट घातली, तर मॅटेल या खेळणी-कंपनीच्या ‘ऑप्टिगन’ने (१९७१) ती पुरी केली असे म्हणावे लागते. त्याच्या पारदर्शक चकतीवर साथीदारांचे प्रत्यक्ष वादन प्रकाशपट्ट्यांच्या रूपात कोरलेले असे आणि कॉर्डचे बटण त्यांपैकी हवी ती पट्टी निवडे. परंतु ही निवड झाली, रूपांतर नव्हे. एकच आकृतिबंध गणिताने बाराही स्वरांवर आणि निरनिराळ्या कॉर्डप्रकारांत फिरविण्याचे काम १९७० च्या दशकातील ऑर्गनांच्या ‘ऑटो बास कॉर्ड’सारख्या सोयींनी सुरू केले. आजच्या अर्थाने आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

१९८० च्या दशकात ही सोय लहान व स्वस्त कीबोर्डांत उतरली. कॅसिओच्या एमटी-४० वरील ‘रॉक’ हा बासयुक्त ताल कंपनीतील संगीतरचनाकार हिरोको ओकुदा यांनी बसविला होता. १९८५ मध्ये जमैकात तो ‘स्लेंग टेंग’ या नावाने गाजला आणि तेथील संगीताला संगणकीय वळण देण्यास कारणीभूत ठरला. साथीच्या सोयीने आपल्या वापरणाऱ्यांच्या संगीतालाच वळण लावल्याचे याहून ठळक उदाहरण सांगता येत नाही.

कॉर्ड ओळखण्याच्या पद्धती : कीबोर्डच्या पट्ट्यांत एक विभाजनबिंदू असतो, त्याच्या डावीकडचे स्वर साथीचे. यामाहाच्या अनेक कीबोर्डांत तो एफ शार्प २ वर आणि कॅसिओच्या अनेक कीबोर्डांत एफ शार्प ३ वर असल्याचे छापलेले दिसते. पट्टी मात्र एकच आहे. यामाहा मधल्या ‘सी’ला सी ३ म्हणते, कॅसिओ सी ४. पुस्तिका ताडून पाहणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

एकबोटी पद्धतीत दोन्ही कंपन्यांचे संकेत वेगळे आहेत. यामाहात मूळ स्वर (ज्याच्या नावाने कॉर्ड ओळखली जाते तो) एकटा दाबला की मेजर, त्याच्या डावीकडची जवळची काळी जोडली की मायनर, जवळची पांढरी जोडली की सेव्हन्थ आणि दोन्ही जोडल्या की मायनर सेव्हन्थ. ‘कॅसिओ कॉर्ड’मध्ये मूळ स्वराच्या उजवीकडे आणखी किती पट्ट्या दाबल्या एवढेच मोजले जाते : एक असेल तर मायनर, दोन असतील तर सेव्हन्थ, तीन असतील तर मायनर सेव्हन्थ. कोणत्या पट्ट्या, याला महत्त्व नाही. एका वाद्यावर बसलेला हात दुसऱ्यावर चुकतो तो यामुळे.

‘फिंगर्ड’ पद्धतीत कॉर्डचे सर्व स्वर वाजवावे लागतात आणि येथे यंत्रापुढे खरा पेच येतो. पांढरी चार, काळी चार, पांढरी एक आणि काळी दोन (एफ, ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट) हे चार स्वर एफ मायनर सेव्हन्थही आहेत आणि ए फ्लॅट सिक्स्थही. मूळ स्वर कोणता, हे स्वर सांगत नाहीत. त्यांची मांडणी सांगते. ऑगमेंटेड आणि डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्डमध्ये तर स्वरांतील अंतरे समान असल्यामुळे मांडणीही मुकी ठरते, म्हणून यामाहाचे वाद्य सर्वांत खालचा स्वर मूळ मानून मोकळे होते. पियानोवादकांना कीबोर्डच्या सगळ्या पट्ट्यांवरून कॉर्ड ओळखणारी पद्धत सोयीची पडते, कारण त्यांचा डावा हात कॉर्ड धरून बसत नाही.

रूपांतर : यामाहाच्या पद्धतीत स्टाइल सामान्यतः सी मेजर सेव्हन्थ या कॉर्डवर नोंदवितात. मुख्य भागांत सा, रे, ग, प, ध, नी एवढेच स्वर घ्यावेत आणि मध्यम टाळावा अशी शिफारस असते, म्हणजे रूपांतरात कर्कशपणा येत नाही. पुढे दोन नियम लागतात. एकात सर्व स्वर सारख्याच अंतराने सरकतात : सी-ई-जी चे एफ-ए-सी होतात. बास व धूनवजा तुकड्यांना हा नियम योग्य. दुसऱ्यात स्वर शक्य तितके जागीच राहतात : सी-ई-जी चे सी-एफ-ए होतात, तेव्हा हात उडी न मारता सरकल्यासारखा ऐकू येतो. लांबवलेला स्वर चालू असतानाच कॉर्ड बदलली, तर तो थांबवावा, घसटत न्यावा की नव्याने छेडावा, हेही साथीतील प्रत्येक वाद्यासाठी आधी ठरवून ठेवलेले असते. साथ ‘यांत्रिक’ वाटते असे ऐकणारे म्हणतात, तेव्हा दोष तालापेक्षा बहुधा येथे असतो.

रागसंगीताशी संबंध : कॉर्ड म्हणजे तिसरा व पाचवा स्वर गृहीत, हे या यंत्रांचे गृहीतक रागाला सोसत नाही. पांढरी एक षड्ज मानून मालकंस वाजवू लागलो आणि एका बोटाने षड्ज दाबला, की शुद्ध गंधार आणि पंचम हे मालकंसात नसलेले दोन्ही स्वर साथीत हजर होतात. एफ मायनर (म-ध-सा) आणि ए फ्लॅट मेजर (ध-सा-ग) या कॉर्ड मात्र मालकंसाच्या स्वरांतच बसतात. याहून सुरक्षित मार्ग यामाहाच्या कॉर्डतक्त्यात आहे, पण तिकडे फारसे लक्ष जात नाही : ‘१+५’ मध्ये केवळ षड्ज-पंचम व ‘१+८’ मध्ये केवळ षड्ज आणि तार षड्ज. पहिला पर्याय तानपुऱ्याच्या पंचमाच्या जुळणीजवळ जातो. मालकंस, मारवा यांना दुसराच घ्यावा लागतो. स्टाइलच्या मूळ नोंदीत टाळायचा स्वर मध्यम आणि मालकंसाचा वादी स्वरही मध्यम, हा योगायोग गमतीचा आहे.

महाराष्ट्रात : लहान कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला ‘कॅसिओ’ म्हणण्याची रूढी आहे. यामाहाच्या पीएसआर-आय या भारतासाठीच्या मालिकेत तबल्याचे ध्वनी व भारतीय स्टाइल दिलेल्या असतात. केरवा चार मात्रांच्या आवर्तनांत आणि दादरा सहांच्या आवर्तनांत सहज बसतो. रूपक व झपताल यांसाठी तयार स्टाइल क्वचितच मिळते. समेची जाण यंत्राला नसते. ‘फिल’चे (मध्येच भरणीचा तुकडा वाजविण्याचे) बटण आवर्तनाच्या मध्ये दाबले, तर तुकडा तेथून आवर्तन संपेपर्यंत वाजतो, अगदी शेवटच्या अर्ध्या मात्रेत दाबले, तर तो पुढच्या आवर्तनापासून सुरू होतो आणि गायक समेवर येतो तेव्हा मागे तुकडा चालू असतो.