‘जे होतं ते भल्यासाठी’ म्हणजे लोगोथेरपी नव्हे

कोल्हापुरात कुणाच्या घरचं माणूस गेलं की रक्षाविसर्जनालाच कुणीतरी म्हणतं, “जे होतं ते भल्यासाठीच.” यावर माझी फारशी तक्रार नाही. अशा वेळी माणसाला काहीतरी बोलायचं असतं, आणि नुसतं शेजारी बसून राहणं आपल्याला जमत नाही. तक्रार आहे ती हल्ली जोडल्या जाणाऱ्या पुढच्या वाक्याबद्दल: “अहो, त्या व्हिक्टर फ्रँकलनंपण हेच सांगितलंय, नाझींच्या छळछावणीत राहून.” नाही सांगितलं. राजारामपुरीत समुपदेशनाचं काम करताना हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय, की आता एकदा लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट तुम्हाला पाठ आहे. घडतं त्यामागं काही योजना असते, आज कळली नाही तरी उद्या कळेल, शेवट गोड होईल. आजी देवाचं नाव घ्यायची, मामा प्रारब्धाचं. भाचा ‘युनिव्हर्स’चं घेतो. माल तोच.

दुसरी म्हणजे लोगोथेरपी, माणसाला जगण्यातला अर्थ शोधायला मदत करणारी फ्रँकलची उपचारपद्धती. कंपनीच्या लोगोशी तिचा संबंध नाही (हा प्रश्न मला खरंच आलाय). ग्रीक ‘लोगोस’मधला ‘अर्थ’ इथं घेतलाय. मराठीत ‘अर्थोपचार’ म्हणावं, तर आमच्याकडं लोकांना वाटतं पतसंस्थेचं काही काम असेल. तेव्हा लोगोथेरपीच बरं. फ्रँकल व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ, जन्म १९०५. ही पद्धत त्याला छावणीत सुचली असं सर्रास सांगतात, तेही चूक. १९४२ मध्ये त्याला पकडून नेलं तेव्हा विचार तयार होता. पुस्तकाचं हस्तलिखित त्यानं कोटात लपवलं होतं, ते आऊश्वित्झच्या छावणीत गेलं. वडील, आई, भाऊ, बायको, सगळे छावण्यांतच दगावले. सुटका झाली १९४५ च्या एप्रिलात. या माणसाच्या तोंडी ‘भल्यासाठी’ हा शब्द घालायला आपली जीभ कशी रेटते, मला कळत नाही.

आता खरी मेख. दुःखाला अर्थ असतो, हे एक म्हणणं. दुःख असताना जगण्याला अर्थ असू शकतो, हे दुसरं. ऐकायला जवळजवळ सारखं, म्हणून तर गफलत होते. पहिल्यात दुःखाचा हिशेब लागतो: एवढं गेलं, त्याच्या बदल्यात एवढं मिळालं. दुसऱ्यात हिशेब लागतच नाही. गेलं ते गेलं, वाईट ते वाईटच. प्रश्न एवढाच की उद्या सकाळी उठून तुमच्यावाचून अडेल असं काही आहे का. फ्रँकल तर प्रश्नच उलटा फिरवतो. आयुष्याचा अर्थ काय, हे आपण आयुष्याला विचारायचं नाही. विचारतंय आयुष्य, उत्तर आपण द्यायचं, आणि तेही करून.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर आम्ही काहीजणी करवीर तालुक्यात नदीकाठच्या गावांत जात होतो. एका घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ उमटली होती. गोठ्यात दोन म्हशी दाव्यालाच गेलेल्या. शेजारीण घरच्या म्हातारीला म्हणाली, “जनावरांवर निभावलं बघा आक्का, माणसं वाचली.” म्हातारी खुंट्याला राहिलेल्या दाव्याची गाठ सोडवत होती. भिजून आवळलेली गाठ नखाला दाद देईना. बऱ्याच वेळानं मान वर न करता म्हणाली, “आन् म्हसरांचं काय भलं झालं गं?”

शेजारणीपाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही नव्हतं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतलं पोरगंही सांगतं. म्हातारी ३९ व्हायची वाट बघत बसली नाही. गोठ्यागोठ्यात जाऊन तिनं दावी सोडायला लावली आणि ज्या घरचा गडी गावात नव्हता तिथली जनावरं स्वतः माळावर नेली. नंतर भेटले तेव्हा माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की बघा आजी, त्या दोघींमुळं आज किती जीव वाचले. नशीब, बोलले नाही. तीच म्हणाली, “त्या दोघी आसत्या तर बरं झालं आसतं. पर आता ह्ये मी बघतो.” (आमच्याकडच्या बायका ‘बघतो’च म्हणतात.)

तिच्या पहिल्या वाक्यात पूर वाईटच राहिलाय. दुसऱ्यात काम आहे. पहिल्याची भरपाई म्हणून तिनं दुसरं सांगितलेलं नाही, आणि आपणही तसं ऐकू नये. फ्रँकलच्या छावणीवरच्या पुस्तकाच्या जर्मन नावात ‘ट्रोट्स्डेम’ असा शब्द आहे. म्हणजे ‘तरीही’. तरीही जगण्याला हो म्हणायचं. ‘म्हणून’ असं कुठंही नाही. सगळी लोगोथेरपी या ‘तरीही’त आहे, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा फ्रँकल सगळा ‘म्हणून’मध्ये.

त्याचीच एक गोष्ट विरुद्ध पुराव्यासारखी माझ्यापुढं टाकतात. एक वयस्कर डॉक्टर, बायको जाऊन दोन वर्षं झाली, सावरत नाहीत. फ्रँकलनं विचारलं, तुम्ही आधी गेला असता तर? तिला फार सोसावं लागलं असतं, डॉक्टर म्हणाले. मग ते सोसणं तुम्ही तिचं वाचवलंत, असं फ्रँकल म्हणाला. बघा, भलंच झालं की! नाही हो. बायको गेली हे बरं झालं असं तो म्हणत नाही. मरण जिथं होतं तिथंच आहे; डॉक्टरांच्या एकटेपणाला तेवढं कुणासाठी तरी सोसल्याचं रूप आलं. आणि आधी प्रश्न होता, उत्तर डॉक्टरांच्या तोंडून आलं. तेच वाक्य तुम्ही सांत्वनाला जाऊन, चहाचा कप हातात धरून, स्वतःहून सुनावलंत की त्याचं ‘जनावरांवर निभावलं’ होतं. एक कबूल करते, ही गोष्ट धारेवरची आहे. शिकाऊ समुपदेशकांना मी ती सुरुवातीला सांगतच नाही.

आणि एक अट, जी सगळे सोयीस्कर विसरतात: दुःख टाळता येण्यासारखं नसेल तरच. टाळता येत असेल तर आधी त्याचं कारण काढा. उगाच सोसण्यात शौर्य नाही, हे फ्रँकलनं स्पष्ट लिहिलंय. माझ्याकडं एक मुलगी आली होती. नवरा मारायचा. ओळखीच्या एका सुशिक्षित बाईंनी तिला फ्रँकल वाचायला दिला होता, सहनशक्ती वाढावी म्हणून! पुस्तक मी बाजूला ठेवलं आणि तिला आधी वकिलाचा नंबर दिला. पूररेषेतल्या बांधकामांचंही तेच. त्यावर चिंतन नको, अर्ज करा.

बाकीचे फरक किरकोळ. लोगोथेरपी ही अस्तित्ववादी मानसोपचारांच्या कुळातली एक. त्याच कुळातला अमेरिकेतला आयर्विन यालोम मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपणा आणि अर्थहीनता या चार गोष्टींभोवती काम मांडतो. फ्रँकल म्हणतो अर्थ सापडतो, यालोम म्हणतो आपण तो घडवतो. अभ्यासकांनी भांडावं, गोठ्यात उभं राहिल्यावर मला तरी फरक दिसलेला नाही. आणि ते ‘उद्दीपन आणि प्रतिसाद यांच्यामध्ये एक जागा असते’ हे स्टेटसवरचं वाक्य फ्रँकलच्या लिखाणात सापडत नाही. खाली त्याचं नाव घालू नका.

परवा एका गृहस्थांनी विचारलं, “मॅडम, अर्थ सापडला की गोळ्या बंद करायच्या ना?” फ्रँकल १९४६ पासून २५ वर्षं व्हिएन्नातल्या रुग्णालयात मज्जाविकार विभागाचा प्रमुख होता, औषधं देणारा डॉक्टर. गोळ्या चालू ठेवा म्हटलं, आणि पुढच्या तारखेला डॉक्टरांकडं जाताना जुनी चिठ्ठी न्या.